दोन वर्षांचं मूल आणि मोबाईल: नेमकं बिघडतं काय?

ऑस्ट्रेलियाने १६ वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियाची खाती बंद केली, १० डिसेंबर २०२५ पासून तो कायदा लागूही झाला, आणि आपल्याकडे चर्चेला पुन्हा तोंड फुटलं. चॅनलवर, पालकसभेत, चहाच्या टपरीवर. चर्चा सगळी आठवी-दहावीच्या पोरांची. पण सोलापुरात कुठल्याही बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात बाकावर दहा मिनिटं बसा आणि मोबाईल कुणाकुणाच्या हातात आहे ते बघा. दीड वर्षाची, दोन वर्षांची लेकरं असतात. त्यांना खातं लागत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी कायदाही येणार नाही. त्यांचं काय ते घरातच ठरतं, आणि बहुतेक वेळा जेवणाच्या ताटासमोर ठरतं.

घरात या विषयावर दोनच पक्ष असतात. एका पक्षाला मोबाईल म्हणजे विष वाटतं, दुसऱ्याला 'काही होत नाही, हल्लीची पोरं जन्मतःच हुशार' असं वाटतं. दोघंही तावातावाने बोलतात, पण पडद्यामुळे मुलाचं जे काही होतं ते कोणत्या वाटेने होतं, हे दोघांनाही कुणी सांगितलेलं नसतं. ती वाट कळली की कुठे घट्ट राहायचं आणि कुठे सोडून द्यायचं हे आपलं आपल्याला ठरवता येतं.

आधी डॉक्टर मंडळी काय सांगतात

'स्क्रीन टाइम' म्हणजे मूल कुठल्याही पडद्यासमोर असतं तो सगळा वेळ. मोबाईल, टॅब, टीव्ही, आजोबांच्या फोनवरचं कीर्तन, सगळं त्यात आलं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. दुसरा वाढदिवस होईपर्यंत मुलाला पडद्यासमोर बसवू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही जितका कमी तितका बरा, असं त्यात म्हटलं आहे. भारतीय बालरोग अकादमीचा २०२१ चा सल्ला जवळपास हाच आहे. दोन वर्षांपर्यंत पडदा नको, अपवाद फक्त लांबच्या नातेवाइकांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलचा. दोन ते पाच वर्षं एक तास, आणि सोबत मोठं माणूस हवं. स्वीडनच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेनेही २०२४ मध्ये दोन वर्षांखाली पडदा नको असंच सांगितलं.

हे वाचून कुठल्याही आईच्या मनात पहिला विचार येतो, 'सांगणाऱ्याला काय जातंय!' तो विचार चुकीचा नाही. नियम सांगितला जातो, कारण सांगितलं जात नाही, म्हणून नियम फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावरच राहतो.

मेंदूचं कापड कसं विणलं जातं

मूल जन्मतं तेव्हा मेंदूतल्या पेशी बऱ्याचशा तयार असतात. त्या पेशींमधले जोड मात्र नंतर तयार होतात. पहिल्या काही वर्षांत असे दहा लाखांहून जास्त जोड दर सेकंदाला तयार होतात, असा अंदाज हार्वर्ड विद्यापीठातल्या बालविकास केंद्राने मांडला आहे. जे वापरात येतात ते टिकतात, पक्के होतात. जे वापरात येत नाहीत ते हळूहळू गळून जातात.

वापरात येतात म्हणजे काय, हे माग पाहिलेल्या माणसाला सांगायला फार कष्ट पडत नाहीत. मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, ताणून बसवलेला असतो, पण नुसत्या ताण्याने चादर होत नाही. धोटा आडवा धागा घेऊन या टोकाहून त्या टोकाला जातो, तिथून परत येतो, पुन्हा जातो, तेव्हा कापड पुढे सरकतं. धोटा पलीकडे जाऊन तिथेच राहिला तर माग थांबवावा लागतो. (बिनधोट्याचे माग आता आलेत, मान्य. पण सोलापूरच्या पूर्व भागात धोट्याचे माग अजून खडखडतात.)

नऊ महिन्यांचं बाळ 'ब्बब्ब' करतं. आई पोळी लाटता लाटता म्हणते, 'काय रे? बाबा पाहिजे? बाबा कामाला गेले.' बाळ तिच्या तोंडाकडे बघतं, थांबतं, पुन्हा 'ब्बब्ब' म्हणतं. आई म्हणते, 'हो, बाबा. संध्याकाळी येणार.' इतकंच. बाळाकडून काहीतरी आलं, आईकडून त्यालाच धरून काहीतरी गेलं, आणि बाळाने पुन्हा काहीतरी पाठवलं. धोटा गेला आणि परत आला. या एका मिनिटात बाळ आवाज शिकलं, बोलताना पाळी असते हे शिकलं, आणि आपण काही केलं की समोरचा दखल घेतो, हेही शिकलं. शेवटची गोष्ट भाषेपेक्षाही खोल जाते.

पहिला वाढदिवस जवळ आला की यात एक मोठी भर पडते. मूल तारेवरच्या कावळ्याकडे बोट दाखवतं आणि लगेच तुमच्याकडे वळून बघतं, तुम्हालाही दिसला का म्हणून. तुम्ही म्हणता, 'अगं बाई, कावळा!' दोघांचं लक्ष एकाच वस्तूवर आहे आणि दोघांनाही ते ठाऊक आहे. याला अभ्यासक 'संयुक्त लक्ष' म्हणतात. बरेचसे सुरुवातीचे शब्द मूल अशाच क्षणी उचलतं, कारण त्या क्षणी शब्द कशाचा आहे याबद्दल शंका उरत नाही.

पडद्याकडे बोलण्यासारखं खूप असतं, पण तो ऐकत नाही. मूल कावळ्याकडे बोट दाखवत असताना पडद्यावर सफरचंद लाल असतं. मूल हसलं, ओरडलं, शेजारी कलंडून झोपलं, तरी सफरचंद लालच राहतं.

अमेरिकेतली बाळं आणि चिनी भाषा

हे नुसतं बोलायला बरं वाटतं म्हणून नाही, याची चाचणी झालेली आहे. पॅट्रिशिया कूल या अमेरिकेतल्या सिएटलच्या संशोधक. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. घरात फक्त इंग्रजी ऐकणारी नऊ महिन्यांची बाळं घेतली. काही बाळांशी चिनी मँडरिन बोलणारी माणसं प्रत्यक्ष येऊन बोलली, त्यांनी पुस्तकं दाखवली, ती खेळली. एकूण १२ बैठका, प्रत्येक साधारण २५ मिनिटांची. दुसऱ्या गटातल्या बाळांना तीच माणसं, त्याच गोष्टी, तीच खेळणी पडद्यावर दाखवली. मग सगळ्या बाळांची परीक्षा घेतली: इंग्रजीत नसलेले, मँडरिनमधले दोन जवळजवळचे आवाज वेगळे ओळखता येतात का?

माणसाबरोबर बसलेल्या बाळांना आले. पडद्यासमोर बसलेल्या बाळांना काहीही आलं नाही; मँडरिन अजिबात न ऐकलेल्या बाळांइतकंच.

पुढे २०१८ मध्ये कूल यांच्याच गटाने पडद्यासमोर बाळाला एकटं न बसवता दुसऱ्या बाळासोबत बसवून पाहिलं, तर शिकणं थोडं सुधारलं. शेजारी नुसतं दुसरं बाळ असण्यानेही फरक पडतो म्हटल्यावर कमी पडत होतं ते काय, हे वेगळं सांगायला नको.

सोलापूरकरांना खरं तर या प्रयोगाचं नवल वाटू नये. पूर्व भागातलं मूल घरात अम्माकडे तेलुगूत 'नीळ्ळु' मागतं, गल्लीत आलं की 'पाणी' मागतं, कोपऱ्यावरच्या दुकानात हिंदी बोलतं आणि शेजारच्या अज्जीचं कन्नड निम्मंअधिक समजतं. हे त्याला कुणी शिकवणी लावून शिकवलेलं नाही. प्रत्येक भाषा एकेका माणसाबरोबर आली. 'इतक्या भाषांनी मूल गोंधळतं, म्हणून बोलायला उशीर झाला' असं जे सर्रास सांगितलं जातं त्याला आधार नाही. दोन-तीन भाषांत वाढणारी मुलं सुरुवातीला भाषांची सरमिसळ करतात, ते चालतंच. भाषा किती आहेत याची काळजी सोडा, माणसं किती बोलतात ते बघा.

'पण आमचा तर मोबाईलवरूनच एबीसीडी शिकला'

शिकला असेल. दोन वर्षांचं मूल 'ब्लू', 'रेड', 'ट्रँगल' म्हणतं, वीसपर्यंत आकडे म्हणतं, तेव्हा घरात कौतुक होणारच. पण तेच मूल तहान लागल्यावर पाणी मागतं का? हाक मारल्यावर वळतं का? आवडलेली वस्तू आणून तुम्हाला दाखवतं का? पाठ म्हणणं आणि बोलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बोलणं म्हणजे समोरच्याला उद्देशून, काहीतरी हवं किंवा सांगायचं म्हणून.

आणि कौतुक आपली नजर कशी फसवतं, याचाही अभ्यास आहे. ज्युडी डीलोश आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १२ ते १८ महिन्यांच्या मुलांवर तो केला. बाळांना शब्द शिकवणारी एक लोकप्रिय डीव्हीडी काही घरांत महिनाभर नियमित दाखवली. काही घरांत डीव्हीडी दिलीच नाही. आईवडिलांना तेच शब्द देऊन सांगितलं, रोजच्या व्यवहारात जमेल तसे शिकवा. महिन्याने सर्वांत जास्त शब्द आईवडिलांनी शिकवलेल्या मुलांना आले. डीव्हीडी बघणारी मुलं, काहीच न केलेल्या मुलांपेक्षा पुढे नव्हती. गंमत पुढे आहे. ज्या पालकांना डीव्हीडी आवडली होती, त्यांना आपलं मूल तिच्यामुळे खूप शिकलं असं वाटत होतं.

तीन वर्षांनंतर चित्र बदलतं, हे न सांगणं अन्यायाचं होईल. तीन-चार वर्षांच्या मुलाला पडद्यावरचं आणि खऱ्या जगातलं जोडता येऊ लागतं. नीट बनवलेला, संथ, गोष्ट सांगणारा कार्यक्रम तो शेजारी बसलेल्या मोठ्या माणसाबरोबर बघत असेल आणि मध्येमध्ये 'आता हा कुठं चालला रे?' असं कुणी विचारत असेल, तर त्यातून तो शिकतो. दर दोन सेकंदाला रंग बदलणाऱ्या, किंचाळणाऱ्या व्हिडिओंबद्दल मी हे म्हणत नाही.

'टीव्ही नुसता चालू असतो, बाळ कुठं बघतंय'

हा मुद्दा फार हलक्यात घेतला जातो, आणि माझ्या मते घरातलं सर्वांत मोठं नुकसान इथेच होतं. सकाळी बातम्या लागतात, दुपारी मालिकांचं पुनःप्रक्षेपण, संध्याकाळी मालिका. बाळ खाली चटईवर खेळतंय.

अमेरिकेतल्या एका गटाने एक ते तीन वर्षांच्या मुलांना खेळणी देऊन एक तास बसवलं. अर्धा तास खोलीतला टीव्ही बंद, अर्धा तास चालू, आणि त्यावर मोठ्यांचा, मुलांना न कळणारा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम. मुलं टीव्हीकडे फारशी बघतही नव्हती. तरी टीव्ही चालू असताना त्यांचा खेळ तुकड्यातुकड्यांत होत होता. एक खेळणं धरून ती कमी वेळ टिकत होती. २००८ चा हा अभ्यास.

दुसरं नुकसान मोठ्यांच्या बाजूने होतं. दिमित्री क्रिस्ताकिस आणि सहकाऱ्यांनी बाळांच्या अंगावर छोटं ध्वनिमुद्रण यंत्र लावून दिवसभराचे आवाज मोजले. टीव्हीच्या प्रत्येक तासामागे मुलाच्या कानावर पडणारे मोठ्यांचे शब्द सरासरी ७७० ने कमी झाले होते. हे २००९ मधलं. ऑस्ट्रेलियात २२० कुटुंबांमध्ये असंच मोजमाप करून २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत पडद्याच्या प्रत्येक जादा मिनिटामागे मोठ्यांचे साधारण सात शब्द, मुलाचे स्वतःचे पाच उच्चार आणि बोलण्याची एक देवाणघेवाण कमी. एका मिनिटाचा हिशेब आहे हा. तासाचा आपणच करावा.

टीव्ही मुलाला काही करत असेल-नसेल, आपल्याला गप्प करतो हे नक्की. आणि आपल्या हातातला फोनही तेच करतो. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये एक प्रयोग मांडला. आई बाळाशी छान खेळत असते आणि मग सांगितल्याप्रमाणे चेहरा एकदम निर्विकार करते, काही प्रतिसाद देत नाही. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं, आणि काहीच होत नाही म्हटल्यावर अस्वस्थ होऊन तोंड फिरवतं, रडतं. फोनवर रील बघताना आपला चेहरा कसा असतो, ते घरातल्या कुणाला तरी एकदा विचारून बघा.

चिऊचा घास

जेवण हा वादाचा खरा आखाडा. सासूबाई म्हणतात, 'मोबाईल लाव आणि भरव, निदान पोटात तर जाईल.' आणि जातंही. दूध-भाकरीचा काला, वरणभात, वाटी दहा मिनिटांत रिकामी.

ते घास नीट बघा. डोळे पडद्यावर, तोंड चमचा आला की आपोआप उघडतं. मूल घासाकडे बघत नाही, भरवणारीकडे बघत नाही, भाताला हात लावत नाही. पोट भरलं की मान फिरवायची, ओठ मिटायचे, ही त्याची सांगण्याची पद्धत. ती इथे वापरलीच जात नाही, कारण पोटाकडे त्याचं लक्षच नाही. म्हणून आहारतज्ज्ञ मुलाची भूक आणि तृप्ती ओळखून भरवायला सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या पूरक आहाराच्या सूचनांतही ते आहे. शिवाय दिवसातून तीन-चार वेळा समोरासमोर बसण्याचा हा हमखास वेळ. एक घास चिऊचा, एक काऊचा करताना किती बोलणं होतं याचा हिशेब कुणी ठेवत नाही. पाऊण तास लागतो, सांडतं, अंगाला माखतं, हे खरं. दोन घास कमी गेले तर निरोगी मूल पुढच्या वेळी भरून काढतं. वजन खरंच वाढत नसेल तर डॉक्टरांना दाखवायचं. त्यावर मोबाईल हा इलाज नाही.

झोपेबद्दल थोडक्यात. झोपण्याआधीच्या तासात पडदा नको, कारण उजेडामुळे झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा वाढतं आणि चित्रांमुळे मूल ताजंतवानं राहतं. ब्रिटनमध्ये सहा महिने ते तीन वर्षांच्या ७१५ मुलांच्या पालकांना विचारून केलेल्या २०१७ च्या पाहणीत टचस्क्रीनच्या प्रत्येक तासामागे एकूण झोप सुमारे १६ मिनिटांनी कमी दिसली. एक-दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते.

'कामं कोण करणार?'

हा खरा प्रश्न. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो. अकरा ते पाच लेकराला बाहेर काढायची सोय नाही. खोली एक किंवा दोन. आणि अनेक घरांत आई घरीच असली तरी कामावर असते.

विडी वळणारी बाई घ्या. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि तंबाखू. पान उचलायचं, तंबाखू पसरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड मुडपायचं. मजुरी हजार विड्यांमागे, त्यामुळे हात थांबले की पैसे थांबले. रांगतं मूल पहिल्यांदा कुठे येणार तर सुपाकडे. तंबाखूत हात घालून तो तोंडात घालणार, म्हणून ती त्याला लांब, भिंतीशी बसवते आणि मोबाईल देते. तिला 'मोबाईल देऊ नकोस' एवढंच सांगणारा माणूस शहाणा नव्हे. तंबाखूपेक्षा मोबाईल बरा, हा तिचा हिशेब त्या क्षणी बरोबरच आहे.

पण तिच्याकडे एक गोष्ट मोकळी आहे: तोंड. हात गुंतलेले असताना बोलता येतं. मूल चार हातांवर, मध्ये पाट आडवा, त्याच्यापुढे रिकामे डबे, वाट्या, चमचे, दोऱ्याची रिकामी रिळं (गिळता येणार नाहीत एवढी मोठी). त्याने डबा आपटला की इकडून 'वाजला का? अजून वाजव', त्याने झाकण फेकलं की 'गेलं! कुठं गेलं झाकण?' शेजारणी एकत्र बसून विड्या वळतात तिथे तर पाच तोंडं बोलत असतात. मूल त्यात पडलेलं असणं ही चांगली गोष्ट आहे. वरून मोबाईल चालू नसला म्हणजे झालं.

मुलाला सतत रमवत ठेवायला पाहिजे, हा समज कुठून आला कोण जाणे. मूल कंटाळून दहा मिनिटं कुरकुरतं आणि मग स्वतःच काहीतरी शोधतं. पातेल्याचं झाकण गोल फिरवत वीस मिनिटं बसलेलं लेकरू कुणी पाहिलं नाही? ते वीस मिनिटं शिकतच असतं.

तरीही एखाद्या दुपारी काहीच उपाय चालला नाही आणि वीस मिनिटं मोबाईल दिला, तर मेंदूला भोक पडत नाही. परिणाम सवयीचा असतो. रोज तीन-चार तास, ठरलेल्या वेळी, एकट्याने, ही ती सवय. अंगणवाडी जवळ असेल तर तीन वर्षांपुढच्या मुलाला तिथे रोज दोन-तीन तास पाठवणं हा या घरांसाठी फुकटचा आणि उत्तम पर्याय आहे, पण तिथे फक्त खाऊ मिळतो असं समजून अनेक जण पाठवत नाहीत.

मोबाईल काढून घेतला की आकांत

होणारच. रडणं थांबवायला मोबाईल दिला, की रडलं की मोबाईल मिळतो हा धडा पक्का होतो. शिवाय राग आला, भीती वाटली, कंटाळा आला तर त्यातून बाहेर कसं यायचं हे मूल मोठ्यांच्या कुशीत, थोपटण्यातून, 'लागलं का माझ्या बाळाला' यातून शिकतं. दर वेळी पडदा पुढे आला तर ते शिकायची संधीच मिळत नाही. तीन ते पाच वर्षांच्या मुलांवरच्या अमेरिकेतल्या अलीकडच्या एका अभ्यासात, शांत करायला वारंवार मोबाईल-टॅब दिल्या जाणाऱ्या काही मुलांत, विशेषतः मुलग्यांत, पुढच्या महिन्यांत भावनांचा उद्रेक जास्त दिसला.

सवय मोडताना पहिले काही दिवस त्रासाचे जातात. त्या दिवसांत घरातल्या सगळ्यांचं एकमत लागतं. आईने नाही म्हणायचं आणि काकाने मागच्या खोलीत नेऊन दाखवायचं, असं चाललं तर रडणं आणखी लांबतं. सुरुवात जेवण आणि झोप या दोन वेळांपासून करावी. बाकीचं नंतर बघू.

पुण्यातल्या आजोबांचा व्हिडिओ कॉल

चालतो. सोलापूरची निम्मी तरणी पिढी पुण्यात असल्यावर हा प्रश्न घरोघरी आहे. कधी नातवंड तिकडे, कधी आजी-आजोबा. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दोन ते अडीच वर्षांची मुलं समोरासमोर आणि व्हिडिओ कॉलवर नवे शब्द शिकली, पण तेच आधी चित्रित करून दाखवल्यावर शिकली नाहीत. कॉलवरचे आजोबा उत्तर देतात. मूल 'भू भू' म्हणालं तर ते 'कुठं आहे भू भू?' म्हणतात. धोटा परत येतो.

मोबाईलमुळे ऑटिझम होतो का?

नाही. आणि हे ठामपणे सांगायला हवं, कारण या भीतीने आया स्वतःला दोष देत बसतात. ऑटिझममध्ये, म्हणजे स्वमग्नतेत, मेंदूची घडण जन्माआधीपासूनच वेगळी असते आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. 'व्हर्च्युअल ऑटिझम', म्हणजे पडद्यामुळे होणारा ऑटिझम, हा शब्द मोबाईलवर फार फिरतो; वैद्यकीय निदानांच्या यादीत तो नाही. खूप पडदा बघणारं मूल डोळ्याला डोळा देत नाही, हाकेला वळत नाही, अशी काही लक्षणं सारखी दिसू शकतात, आणि पडदा कमी करून बोलणं वाढवल्यावर काहींत सुधारणा होते. उलटही घडतं: ज्या मुलाला मुळात माणसांत रमणं अवघड जातं, ते पडद्यात जास्त रमतं, आणि घरचे म्हणतात मोबाईलने असं झालं. यातला धोका असा की 'मोबाईल बंद केला की बोलेल' म्हणत वर्ष-सहा महिने वाट बघितली जाते आणि तपासणी राहून जाते.

'हे सगळं संशोधन कितपत खरं?'

शंका रास्त आहे. यातले बरेच अभ्यास फक्त निरीक्षणाचे असतात. ज्या घरात पडदा जास्त, त्या घरात पैसा, वेळ, झोप, मदतीची माणसं यातलंही काही कमी असू शकतं. मग मूल मागे पडलं ते पडद्याने की बाकीच्याने? चांगले अभ्यास हे गणितात धरतात. कॅनडात सुमारे २,४०० मुलांच्या पाठपुराव्यात, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, दोन वर्षांच्या वयात पडदा जास्त असेल तर तीन वर्षांच्या वयात विकासाच्या चाचणीत गुण कमी दिसले, आणि तीनचा परिणाम पाचला दिसला. उलट्या दिशेने, म्हणजे आधी मागे पडलेली मुलं नंतर जास्त पडदा बघतात, असं दिसलं नाही. जपानमध्ये सात हजारांहून जास्त मुलांच्या २०२३ च्या अभ्यासात एक वर्षाच्या वयातला जास्त पडदा आणि दोन व चार वर्षांच्या वयात संवादात मागे पडणं, यांचा संबंध आढळला.

हे परिणाम सरासरीचे आहेत आणि सरासरी फरक लहान आहे. त्यामुळे 'आमची थोरली टीव्ही बघतच वाढली, आज इंजिनिअर आहे' हेही खरं आणि अभ्यासही खरा. थोरलीच्या वेळी घरात आजी होती का, गल्ली होती का, टीव्ही बंद व्हायची वेळ होती का, हे मात्र आठवून बघावं.

बोलायला उशीर होतोय असं वाटलं तर

बारा महिन्यांपर्यंत बडबड नाही किंवा टाटा, बोट दाखवणं असे हावभाव नाहीत. सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थाचा शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत 'आई ये', 'पाणी दे' अशी दोन शब्दांची जोडणी स्वतःहून नाही. किंवा कुठल्याही वयात येत असलेले शब्द अचानक थांबले, यापैकी काहीही असेल तर थांबू नये. 'मुलगे उशिराच बोलतात', 'त्याचा बाप पण चार वर्षांनी बोलला' हे घरात प्रेमाने सांगितलं जातं, आणि त्यात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा सर्वांत मोलाचा काळ जातो. उशीर जितका लवकर हाती लागेल तितका भरून काढणं सोपं जातं.

पहिली तपासणी कानाची. हाकेला न वळणारं मूल मोबाईलच्या नादात आहे असं वर्षभर वाटत राहतं आणि ऐकू कमी येतंय हे नंतर कळतं. मोबाईलचा मोठा आवाज त्याला ऐकू येतो, म्हणून कुणाला शंका येत नाही.

खर्चाची भीती असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. तो २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरमधून सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात आणि विकासातला उशीरही तपासतात. पुढच्या उपचारासाठी जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. पथक कधी येणार हे अंगणवाडीताईंना विचारावं, आणि त्या दिवशी मुलाला नक्की न्यावं. जाताना मुलाला घरात येणारे शब्द कागदावर लिहून न्यावेत, बोबडे असले तरी, कारण अनोळखी माणसांसमोर मूल गप्प बसतं आणि आई घाईत निम्मे शब्द विसरते. दिवसाला पडदा किती हेही खरं सांगावं. तिथे कुणी रागावत नाही.